एकच लघुग्रह, पण नीट

चि. मुक्तास,


आईच्या फोनवरून पाठवलेला तुझा लांबलचक निरोप वाचला. ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाची बातमी टीव्हीवर पाहिल्यापासून मनात धास्ती बसली आहे, असं तू लिहिलंस. तो खरंच पृथ्वीवर आदळणार होता का? लघुग्रह म्हणजे फुटलेल्या ग्रहाचे तुकडे असतात का? आणि असे लाखो असतील तर त्यांच्याबद्दल आपल्याला काही कळतं तरी कसं, ते तर इतके लांब? नववीतल्या मुलीला असे प्रश्न पडतात याचा मला मनापासून आनंद झाला. माझी हयात भूशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे उत्तर दगडाच्या वाटेने देणार आहे. वाट थोडी लांबची आहे, पण तू चालशील.

आधी त्या बातमीचं बघू. तो लघुग्रह डिसेंबर २०२४ मध्ये सापडला. सुरुवातीला वेध थोडे होते, त्यामुळे तो पुढे कुठून जाईल याचा अंदाज फार पसरट होता आणि त्या पसरट पट्ट्यात पृथ्वीही येत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये, २०३२ साली तो आदळण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या वर गेली आणि वाहिन्यांनी तेवढंच उचललं. त्यानंतर थोड्याच दिवसांत आणखी वेध मिळाले, कक्षा नेमकी होत गेली आणि पृथ्वीच्या बाबतीतली शक्यता जवळजवळ शून्यावर आली. तो लघुग्रह आधी जात होता त्याच वाटेने जात राहिला. त्याची वाट आपल्याला नीट कळली आणि धोका मिटला. हे काम मोजमापाने केलं. मला या पत्रात तुला सांगायचं आहे ते एवढंच, की आकाशातल्या वस्तूबद्दल भीती वाटो की नवल वाटो, तिची ओळख मोजमापानेच होते.

म्हणून लाखो लघुग्रहांच्या मागे लागू नकोस. एकच घे आणि तो नीट ओळख. तुझ्यासाठी मी वेस्टा निवडला आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला हा सीरिसखालोखाल सर्वात वजनदार सदस्य, आणि सगळ्या लघुग्रहांत सर्वात तेजस्वी दिसणारा.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरच्या पालेर्मोत जुझेप्पे पियाझी यांना सीरिस दिसला. मंगळ आणि गुरूमधल्या मोकळ्या जागेत एखादा ग्रह असावा असा तेव्हाच्या खगोलज्ञांचा कयास होता, त्यामुळे तो मिळाला म्हणून सगळे समाधानात होते. पण पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात हाइनरिश ऑल्बर्स यांना जवळपास तेवढ्याच अंतरावर पॅलस सापडला. ऑल्बर्स पेशाने डॉक्टर. दिवसा रुग्ण तपासायचे आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावर केलेल्या वेधशाळेत बसायचे. एका जागेत दोन ग्रह कसे, या प्रश्नावर त्यांनी तर्क केला की इथे पूर्वी एकच मोठा ग्रह असावा आणि तो फुटला असावा. तसं असेल तर सगळ्या तुकड्यांच्या कक्षा ग्रह फुटला त्या जागेपाशी एकमेकींना छेदायला हव्यात. मग आकाशाच्या ठरावीक भागांवर पाळत ठेवली तर आणखी तुकडे हाती लागतील. १८०४ मध्ये कार्ल हार्डिंग यांना जूनो सापडला आणि २९ मार्च १८०७ च्या रात्री खुद्द ऑल्बर्सना कन्या राशीत चौथा मिळाला. तोच वेस्टा. तुला पडलेला फुटलेल्या ग्रहाचा प्रश्न हा असा दोनशे वर्षांहून जुना आहे.

ऑल्बर्सनी वेध कार्ल फ्रीडरिश गाउस यांच्याकडे पाठवले. गाउस तेव्हा जेमतेम तिशीला टेकले होते. सूर्याच्या झगमगाटात हरवलेल्या सीरिसची कक्षा मोजक्या वेधांवरून काढून तो पुन्हा कुठे दिसेल हे सांगणारे ते हेच. त्या पद्धतीला त्यांनी एव्हाना इतकी धार लावली होती की वेस्टाची कक्षा त्यांनी सुमारे १० तासांत हाताने मांडली. नावही त्यांनीच सुचवलं, रोमन लोकांच्या चुलीच्या देवतेचं. आज २०२४ वायआर४ सारख्यांच्या कक्षा संगणक काढतात, पण थोड्या वेधांवरून पूर्ण कक्षा मांडायची आणि नवे वेध येतील तशी ती सुधारत न्यायची, हा गणिताचा पाया त्याच काळातला आहे.

आता कागद-पेन्सिल घे. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या सरासरी अंतराला एक खगोलीय एकक म्हणतात, हे तुला ठाऊक आहे. वेस्टाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर २.३६ एकक. केप्लरचा तिसरा नियम सांगतो की या अंतराचा घन कर आणि त्याचं वर्गमूळ काढ, म्हणजे वर्षांत परिभ्रमणकाळ मिळतो. २.३६ चा घन सुमारे १३.१४, त्याचं वर्गमूळ सुमारे ३.६३. वेस्टाचं वर्ष आपल्या ३ वर्षं साडेसात महिन्यांचं. दुर्बिणीतून वर्षानुवर्षं पाहून मोजलेलं उत्तरही हेच येतं. कक्षा अगदी वर्तुळाकार नाही. सूर्याच्या सर्वात जवळ असताना तो २.१५ एककांवर असतो आणि सर्वात दूर असताना २.५७ एककांवर. उत्केंद्रता ०.०९ च्या आसपास. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी त्याची कक्षा ७ अंशांनी कललेली आहे. या कक्षेत तो सेकंदाला सरासरी १९ किलोमीटरच्या वेगाने फिरतो, आणि स्वतःभोवती मात्र ५ तास २० मिनिटांत एक फेरी पुरी करतो. म्हणजे तिथल्या एका वर्षात तिथले सुमारे सहा हजार दिवस मावतात.

फुटलेल्या ग्रहाच्या प्रश्नाचं उत्तर वजनात आहे. वेस्टाचं वस्तुमान कळलं ते दुसऱ्या एका लघुग्रहामुळे. १९७ क्रमांकाचा अरेटे दर १८ वर्षांनी वेस्टाच्या तुलनेने जवळून जातो आणि वेस्टाच्या ओढीने किंचित वाट बदलतो. हा किंचित फरक मोजून १९६० च्या दशकात हान्स हर्ट्झ यांनी वेस्टाचं वस्तुमान काढलं. पुढे अशीच मोजदाद इतरांची झाली. आज आपल्याला माहीत आहे की मुख्य पट्ट्यातलं सगळं द्रव्य एकत्र केलं तरी ते चंद्राच्या सुमारे ३ टक्केच भरतं, आणि त्यातला जवळपास दहावा हिस्सा एकट्या वेस्टाचा. एवढ्याशा सामानाचा मोठा ग्रह होत नाही. गुरूच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणाने तिथल्या द्रव्याला शांतपणे एकत्र येऊच दिलं नाही. बरंचसं पार बाहेर फेकलं गेलं, उरलेलं एकमेकांवर आदळत राहिलं. तेव्हा तिथे मोठा ग्रह फुटला नाही, मुळात तो घडायचाच राहिला.

वेस्टा या घडायच्या राहिलेल्या ग्रहांपैकी एक. त्याची लांबी, रुंदी आणि जाडी अनुक्रमे ५७३, ५५७ आणि ४४६ किलोमीटर. सरासरी व्यास ५२५ किलोमीटर. त्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तिपटीपेक्षा थोडं कमी. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढं. तुझं वजन इथे ४० किलो भरत असेल तर तिथे काट्यावर एकच किलो दिसेल. घनता पाण्याच्या साडेतीनपट, आपल्या सह्याद्रीच्या कातळापेक्षाही जास्त. सीरिसची घनता याहून पुष्कळ कमी, कारण त्याच्या पोटात पाण्याचा बर्फ आहे. वेस्टा कोरडा आणि दगडी आहे. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला ४० टक्क्यांहून अधिक तो परत फेकतो. चंद्र फेकतो तो सुमारे १२ टक्के. म्हणूनच सीरिसपेक्षा आकाराने लहान असूनही वेस्टा जास्त उजळ दिसतो.

त्याच्या उजेडाने पुढची गोष्ट सांगितली. दगडावर सूर्यप्रकाश पडला की त्यातली खनिजं ठरावीक रंग गिळतात आणि बाकीचे परत पाठवतात. परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट काढला की कुठे काय गिळलं गेलं ते दिसतं. १९७० मध्ये टॉम मॅकॉर्ड, जॉन अ‍ॅडम्स आणि टॉरन्स जॉन्सन यांनी वेस्टाचा वर्णपट काढला. त्यात पायरॉक्सिन या खनिजाची खूण स्पष्ट होती. मग त्यांनी संग्रहालयांत ठेवलेल्या अशनींचे, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांचे, वर्णपट शेजारी मांडले. एका जातीच्या अशनींशी मेळ तंतोतंत जुळला. त्या जातीचं नाव यूक्राइट. यूक्राइट हा बेसॉल्ट आहे, लाव्हा थिजून झालेला दगड.

याचा अर्थ नीट लक्षात घे. महाराष्ट्रातल्या मुलांना बेसॉल्ट शिकवावा लागत नाही. रायगडचा कडा, वेरूळचं कैलास, घराघरातला पाटा-वरवंटा, सगळा तोच काळा पाषाण. आपला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहून झाला. म्हणजे जिथे बेसॉल्ट आहे तिथे कधीतरी पोटात उष्णता होती, खडक वितळला होता आणि वर आला होता. पृथ्वीसारख्या मोठ्या ग्रहाच्या बाबतीत यात नवल नाही. पण जेमतेम सव्वापाचशे किलोमीटरच्या, थंड अवकाशात झपाट्याने निवून जाणाऱ्या गोळ्यावर लाव्हा कसा वाहिला?

या प्रश्नाचं उत्तर देण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे, आणि ते तुला माहीत असावं असं मला फार वाटतं. २० जून १९९६ रोजी राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात पिपलिया कलाँ गावाजवळ अशनी पडली. तुकड्यांचं मिळून वजन सुमारे ४२ किलो. ती निघाली यूक्राइट. असा दगड हातात घेऊन भिंगाखाली धरला तर बाहेरून काळं, काचेसारखं चकचकीत कवच दिसतं. वातावरणातून येताना वरचा पातळ थर वितळून ते तयार होतं. कवच जिथे फुटलेलं असतं तिथे आतला दगड फिकट राखाडी. भिंग आणखी जवळ नेलं की त्यात पांढरट, लांबट कण आणि त्यांच्यामध्ये तपकिरी-करडे कण दिसतात. पांढरे ते प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचे आणि तपकिरी ते पायरॉक्सिनचे. माळशेज किंवा कसारा घाटात काही थरांच्या बेसॉल्टमध्ये बोटभर लांबीचे पांढरे प्लॅजिओक्लेज दिसतात ना, त्याच कुळातलं खनिज. फरक मात्र महत्त्वाचे आहेत. यूक्राइटमध्ये सोडियम फारच कमी असतं, पाण्याचा अंश नावापुरता. आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीच्या खडकांशी जुळत नाही. म्हणून हा दगड पृथ्वीचा नाही हे ठामपणे सांगता येतं.

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत जी. श्रीनिवासन, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि नरेंद्र भंडारी यांनी पिपलिया कलाँच्या दगडातले प्लॅजिओक्लेजचे कण घेतले. त्यांना शोध होता अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या खुणेचा. अ‍ॅल्युमिनियमचं हे समस्थानिक किरणोत्सारी असतं. दर ७ लाख वर्षांनी ते निम्मं होतं आणि त्याचं मॅग्नेशियम-२६ बनतं. ते केव्हाच संपून गेलेलं आहे, आज शोधून सापडणार नाही. पण दगड थिजला तेव्हा ते जिवंत असेल तर अ‍ॅल्युमिनियमने भरलेल्या कणांत मॅग्नेशियम-२६ थोडं जास्त सापडायला हवं. तसंच ते सापडलं. हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातून दोन गोष्टी एकदम ठरल्या. एक, हा लाव्हा सूर्यमाला जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच थिजला. पृथ्वीचं घडणं तेव्हा अजून चालूच होतं. दोन, लहान गोळे वितळवणारी उष्णता अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या क्षयातून येऊ शकते, हे हॅरल्ड युरी यांनी १९५५ मध्ये मांडलेलं अनुमान अशा दगडात प्रत्यक्ष खुणेनिशी दिसलं. गोळा इतक्या लवकर घडला की त्याच्या पोटातला हा निखारा अजून धगधगत होता. पुढे चंद्रयान-१ च्या वैज्ञानिक कामाची मुख्य जबाबदारी सांभाळणारे ते हेच गोस्वामी.

आता तुझ्यासारखी चौकस मुलगी विचारेल, की वेस्टावरचा दगड राजस्थानात आला कसा? हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही अडवत होता. वर्णपट जुळला म्हणून नातं सिद्ध होत नाही, वाटही दाखवावी लागते. पुन्हा कागद घे. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात. सूर्यापासून २.५ एककांवर काय फिरत असेल त्याचा काळ काढ. २.५ चा घन १५.६२५, वर्गमूळ ३.९५. त्याची तिप्पट केली की ११.८६! म्हणजे तिथे असलेला दगड गुरूच्या एका फेरीत बरोबर तीन फेऱ्या करतो. मग गुरूची ओढ त्याला पुन्हापुन्हा त्याच रीतीने बसत राहते, त्याची कक्षा ताणली जाते आणि शेवटी ती मंगळाच्या, पृथ्वीच्या कक्षेला छेदू लागते. त्यामुळे पट्ट्यात त्या अंतरावर रिकामी फट आहे. अशा फटी डॅनियल कर्कवुड यांनी १८६६ मध्ये दाखवून दिल्या. वेस्टा २.३६ वर, फट २.५ वर. १९९३ मध्ये रिचर्ड बिंझेल आणि श्वे शू यांना वेस्टाच्याच वर्णपटाचे वीसेक चिमुकले लघुग्रह सापडले, आणि ते वेस्टापासून थेट या फटीच्या काठापर्यंत पसरलेले होते. वाट मिळाली. वेस्टावर मोठा आघात झाला, मोठाले तुकडे उडाले, ते हळूहळू फटीपर्यंत सरकले, त्यांच्यातून पुन्हा बारीक तुकडे निघाले आणि त्यातले काही पृथ्वीवर पडले. आपल्या डोळ्यांदेखत पडलेल्या दर शंभर अशनींपैकी पाच-सहा या घराण्यातल्या असतात.

मोठा आघात झाला असेल तर खड्डाही मोठा हवा. हबल दुर्बिणीच्या १९९६ मधल्या छायाचित्रांत वेस्टाच्या दक्षिण बाजूला तो दिसला. पण तो जवळून पाहिला ‘डॉन’ यानाने. २७ सप्टेंबर २००७ रोजी हे यान अमेरिकेतून निघालं. त्याला आयन इंजिनं होती. झेनॉन वायूचे अणू विद्युतभारित करून ती प्रचंड वेगाने मागे सोडतात. त्यातून मिळणारा रेटा किती, तर तळहातावर वहीचं एखादं पान ठेवल्यावर जाणवेल तेवढा. पण तो रेटा दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने चालू राहिला आणि १६ जुलै २०११ रोजी यान वेस्टाच्या कक्षेत स्थिरावलं. सप्टेंबर २०१२ पर्यंत ते तिथे होतं, काही काळ पृष्ठभागापासून अवघ्या २१० किलोमीटरवर. मग तिथून निघून ते मार्च २०१५ मध्ये सीरिसला पोहोचलं. पृथ्वीबाहेरच्या दोन गोलांना प्रदक्षिणा घालणारं हे पहिलं यान.

डॉनने दाखवलेला वेस्टा पाहशील तर थक्क होशील. दक्षिण ध्रुवावर ऱ्हीसिल्व्हिया नावाचं विवर आहे, सुमारे ५०० किलोमीटर रुंद. म्हणजे जवळजवळ वेस्टाच्या व्यासाइतकं. त्याच्या मधोमध उभा असलेला डोंगर २० किलोमीटरहून उंच. कळसूबाई १,६४६ मीटर, तेव्हा एकावर एक बारा कळसूबाई रचल्या तरी त्याचा माथा वरच राहील. आघाताने दबलेली जमीन उसळून परत वर आली आणि तशीच थिजली, त्यातून हा डोंगर झाला. या विवराखाली त्याहून जुनं, ४०० किलोमीटरचं व्हेनेनिया विवर अर्धवट झाकलेलं आहे. ऱ्हीसिल्व्हियाचं वय सुमारे १०० कोटी वर्षं मानतात. त्या आघाताने सगळा वेस्टा हादरला आणि विषुववृत्ताजवळ त्याला वेढत जाणारे समांतर चर पडले. त्यातला डिव्हालिया चर ४६५ किलोमीटर लांब आणि ५ किलोमीटर खोल आहे. बुलढाण्याचं लोणारचं विवर तू पाहिलं आहेस. बेसॉल्टमध्ये आघाताने झालेलं आणि इतकं नीट टिकलेलं ते पृथ्वीवरचं फार मोलाचं उदाहरण आहे, व्यास १.८ किलोमीटर. आघात कसे होतात, दगड कसा चिरडतो, हे आपण लोणारला हात लावून शिकू शकतो आणि तीच समज वेस्टाकडे पाहताना उपयोगी पडते. पुढच्या वेळी जाशील तेव्हा तळ्याबरोबर काठावरचे उलथलेले थरही बघ.

डॉनच्या उपकरणांनी वेस्टाच्या पृष्ठभागाची खनिजं आणि मूलद्रव्यं मोजली आणि अशनींशी असलेलं नातं पक्कं झालं. वरच्या थरात यूक्राइटसारखा बेसॉल्ट, खोल खणलेल्या ऱ्हीसिल्व्हियात डायोजेनाइटसारखा खालचा खडक, आणि आघातांनी दोन्ही मिसळून झालेला हॉवर्डाइट, असे अशनींचे तिन्ही प्रकार तिथे ओळखू आले. यानाच्या रेडिओ लहरींतल्या बारीक फरकांवरून गुरुत्वाकर्षणाचा नकाशा काढला गेला. त्यावरून असं चित्र उभं राहिलं की वेस्टाच्या पोटात सुमारे ११० किलोमीटर त्रिज्येचा लोखंडी गाभा, त्यावर प्रावरण आणि त्यावर कवच आहे. म्हणजे पृथ्वीचीच लहान आवृत्ती.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२५ मध्ये रायन पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉनच्याच जुन्या नोंदी नव्या, अधिक काटेकोर पद्धतीने पुन्हा तपासल्या. वेस्टा स्वतःभोवती फिरताना किंचित डुलतो, ते त्यांनी मोजलं. निष्कर्ष असा निघाला की वेस्टाचं पोट वाटलं होतं त्यापेक्षा बरंच एकसारखं आहे. लोखंडी गाभा असलाच तर अगदी लहान. मग लाव्हा वाहिला त्याचं काय? एक शक्यता अशी की वितळणं सुरू झालं, पण लोखंड खाली बसण्याचं काम अर्धवट राहिलं. दुसरी अशी की वेस्टा हा एखाद्या मोठ्या, घडत असलेल्या ग्रहापासून जबर टकरीत सुटलेला तुकडा असावा. या दोन्हींचा निवाडा अजून व्हायचा आहे. ही दुसरी शक्यता खरी ठरली तरी त्याने ऑल्बर्सचा तर्क सिद्ध होणार नाही, कारण पट्ट्यातलं एकूण द्रव्य तेव्हाही तेवढंच राहील. पण निदान या एका लघुग्रहापुरता तुझा ‘तुकडा’वाला प्रश्न पुन्हा विचाराधीन आहे. यान बंद पडून वर्षं उलटल्यावरही त्याच्या नोंदींतून नवं काही निघालं, कारण त्या नोंदी नीट आणि प्रामाणिकपणे ठेवल्या होत्या. आज शाळेच्या प्रयोगवहीत तू आकडे लिहितेस तेव्हा हे मनाशी ठेव. निष्कर्ष बदलतील, पण नीट घेतलेलं माप वाया जात नाही.

आता तुझ्यासाठी काम. वेस्टा साधारण दर १७ महिन्यांनी प्रतियुतीत येतो, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर, आणि रात्रभर दिसतो. २०२५ च्या मे महिन्यात तो असा तूळ राशीत होता. गावाबाहेरच्या काळोख्या आकाशात चांगली नजर असेल तर अशा वेळी तो नुसत्या डोळ्यांनीही जेमतेम दिसतो, आणि साध्या बायनॉक्युलरमधून तर हमखास दिसतो. पुढची प्रतियुती केव्हा आणि कोणत्या राशीत आहे ते खगोलप्रेमींच्या वार्षिक पंचांगात किंवा मोबाइलवरच्या आकाशनकाशात शोध. त्या सुमारास अमावस्येच्या आसपासच्या रात्री निवड. पहिल्या रात्री त्या भागातले बायनॉक्युलरमध्ये दिसणारे सगळे तारे वहीत ठिपक्यांनी काढ. कुठला वेस्टा आहे याचा अंदाज आधी करू नकोस. दुसऱ्या रात्री, तिसऱ्या रात्री त्याच जागेचं चित्र पुन्हा काढ. मग तिन्ही चित्रं शेजारी ठेव. एक ठिपका दर रात्री चंद्राच्या बिंबाच्या सुमारे निम्म्या अंतराने सरकलेला दिसेल. ऑल्बर्सनी त्या मार्चच्या रात्रीनंतर नेमकं हेच पाहिलं होतं. सरकलेला ठिपका सापडला की तो तुझा तूच शोधलेला असेल, मग त्याचा शोध आधी कुणीही लावलेला असो.

चित्रांवर तारीख, वेळ आणि जागा लिहायला विसरू नकोस. ढग असतील तर तेही लिही. वर्गातल्या मैत्रिणींना बरोबर घे. तुझ्या बाबांना गाडी काढून शहराच्या दिव्यांपासून लांब न्यायला सांग, आणि ते कुरकुर करायला लागले तर माझं नाव सांग. पुढे कधी एखाद्या लघुग्रहाची घाबरवणारी बातमी आली, तर सर्वात आधी विचारायचे प्रश्न हे, की त्याचे वेध किती दिवसांचे आहेत आणि कक्षा किती नेमकी कळली आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं हाती येईपर्यंत बातमीवर विश्वास ठेवू नकोस आणि ती पुढेही पाठवू नकोस. उत्तरं आल्यावर ती समजून घ्यायला लागणारं गणित तुला आताच येतं. ते वापर.

आईबाबांना आशीर्वाद, आजीला नमस्कार. चित्रं काढून झाली की मला पाठव, मी वाट पाहतो.

तुझे,
भाऊआजोबा